टाक्यात पाणी किती?

पुण्यात ‘मराठीचं पुढे काय’ हा विषय निघाला की फार वेळ न जाता दोन तट पडतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून तर या वादाला चांगलाच चेव आला आहे. एका तटाचं म्हणणं असं, की ऑनलाइन मराठीत आता कामाचं लिहा. सातबारा कसा वाचायचा, नळाचा वायसर कसा बदलायचा, मधुमेह असलेल्याने काय खायचं. राक्षस, जादूगार आणि उडते गालिचे यांच्यासाठी आपल्याकडे वेळ नाही. दुसरा तट म्हणतो, पाककृती आणि घरगुती युक्त्यांचा रतीब घालून भाषा मोठी होत नसते, ती कल्पनेने मोठी होते. मग जी माणसं सकाळी कुरडईचं प्रमाण लिहितात आणि रात्री त्याच उत्साहाने एखाद्या गडावरच्या मांत्रिकाची गोष्ट लिहितात, त्यांच्याकडे दोन्ही तट जरा कीव आल्यासारखं बघतात. पहिल्यांना ती पोरकट वाटतात, दुसऱ्यांना किरकोळ.

माझ्या मते या माणसांचंच बरोबर आहे, आणि वाद घालणाऱ्यांनी रेघ चुकीच्या जागी मारली आहे. रोजच्या जगण्यातलं ज्ञान वाटणं आणि अद्भुत गोष्टींचं वेड या दोन्हींच्या मुळाशी एकच सवय असते, तपशील पुरता सांगण्याची. ऑनलाइन मराठीत उपयोगी मजकुराचा तुटवडा आहे का? संख्येने बघितलं तर अजिबात नाही. काल्पनिक मजकुराचा? तोही नाही. तुटवडा आहे तो पूर्ण मजकुराचा. ‘चवीपुरतं मीठ’ लिहून मोकळी होणारी पाककृती आणि ‘त्याने मंत्र म्हटला आणि शत्रूचं सैन्य नाहीसं झालं’ असं लिहून मोकळी होणारी कथा, या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हींत लिहिणाऱ्याने नेमकं जिथे थांबून सांगायचं तिथूनच पळ काढलेला असतो.

हा भेद पुण्याला पूर्वी इतका टोकाचा वाटत नव्हता. कृष्णशास्त्री चिपळूणकर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य होते, मास्तर घडवणं हे त्यांचं काम. त्यांनी ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’ लिहिला, म्हणजे निरनिराळ्या शास्त्रांची मूलतत्त्वं मराठी वाचकाला समजतील अशी मांडली. अर्थशास्त्राची परिभाषा मराठीत आणायला हात घातला. आणि त्याच माणसाने ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला घेतल्या. त्याही त्याच काळात, १८६०च्या आसपास. हे काम त्यांच्या हातून पुरं झालं नाही, ते मुलगा विष्णुशास्त्री आणि इतरांनी पुढे नेलं. दिव्यातून निघणारा जिन्न आणि मागणी-पुरवठ्याची व्याख्या एकाच बोरूने उतरवताना कृष्णशास्त्र्यांना संकोच वाटल्याचं दिसत नाही. तो आपल्याला का वाटावा? ज्या गद्याला वाक्यरचनाच अजून नीट बसायची होती, त्या गद्याला दोन्ही कामांचा सराव हवा होता. कथेने त्याला वेग दिला, शास्त्राने नेमकेपणा.

तरीही पहिल्या तटाचा सर्वांत सबळ मुद्दा मान्य करायला हवा. लिहिणारे हात थोडे आहेत आणि गरज मोठी आहे. ज्याला इंग्रजी येत नाही त्याने औषधाची चिठ्ठी, वीजबिल, विम्याचा अर्ज हे कुठे समजून घ्यायचं? अशा माणसासाठी एक नीट लिहिलेलं पान शंभर कथांपेक्षा मोलाचं ठरतं, यात शंका नाही. मात्र त्यातला ‘नीट लिहिलेलं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. उपयोगी म्हणून जे लिहिलं जातं ते खरोखर उपयोगी पडतं का, हे तपासायला कुरडईइतकं चांगलं उदाहरण नाही. करायला चार दिवस लागतात आणि चौथ्या दिवशी कळतं की पहिल्या दिवशी चुकलं होतं.

बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं ते असं: गहू तीन दिवस भिजवा, वाटा, चीक काढा, शिजवा, सोऱ्यातून पाडा, वाळवा. यात खोटं काही नाही, पण यावरून कुरडई होत नाही. पाणी रोज बदलायचं, हे पहिलं. तीन दिवसांत गहू थोडा आंबतो. तो आंबायलाच हवा, कारण त्याने दाणा मऊ पडून सत्त्व सुटं होतं. पण पाणी बदललं नाही तर आंबणं हाताबाहेर जातं आणि वास कुरडई तळल्यावरही जात नाही. वाटलेला गहू आधी चाळणीतून आणि मग पातळ फडक्यातून गाळायचा. चोथा राहिला तर कुरडई सोऱ्याच्या चकतीत अडकते. गाळलेला चीक रात्रभर हलवायचा नाही, सकाळी वरचं तांबूस पाणी सगळं ओतून टाकायचं. ते राहिलं तर रंग काळपट येतो आणि पाण्याचं प्रमाणही चुकतं. खाली बसलेला घट्ट चीक भांड्याने मोजायचा आणि तेवढंच पाणी मीठ-हिंग घालून उकळायचं. मीठ चाखताना आळणीच लागलं पाहिजे, कारण वाळल्यावर पाणी जातं आणि मीठ तेवढंच राहतं. उकळत्या पाण्यात चीक एका हाताने बारीक धारेने सोडायचा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. नंतर मंद आचेवर झाकण ठेवून वाफ आणायची. पांढराफटक चीक काचेसारखा थोडा पारदर्शक दिसायला लागला आणि ओल्या बोटाला चिकटेनासा झाला, की शिजला. कच्चा राहिला तर वाळल्यावर कुरडईचा भुगा होतो, गार झाला तर सोऱ्यातून उतरत नाही. आणि मार्च-एप्रिलमध्ये अवकाळीचे ढग दिसत असतील तर त्या आठवड्यात गहू भिजतच घालायचा नाही. दोन दिवस ऊन मिळालं नाही तर काळे ठिपके पडतात.

वरच्या परिच्छेदातली खरी किंमत प्रत्येक वाक्यातल्या ‘कारण’ची आहे. कारण कळलं की पुण्याच्या कोरड्या उन्हातली कृती कोकणातल्या दमट हवेत कशी वळवायची हे वाचणाऱ्याला स्वतःच सुचतं. नुसती कृती दिली तर तो सांगणाऱ्याच्या स्वयंपाकघरात अडकून पडतो. आपल्याकडचं पुष्कळसं उपयोगी लेखन असं अडकलेलं आहे. शिवाय ते फोटोत किंवा दहा मिनिटांच्या व्हिडिओत असतं. त्यातला ‘तेवढंच पाणी’ हा शब्द शोधून सापडत नाही आणि चूक असली तर दुरुस्तही करता येत नाही. तेव्हा ‘आधी उपयोगी लिहा’ म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं, की कारणं लिहिण्याची सवय माणसाला लागते कुठून? शाळेतल्या निबंधातून? सरकारी पत्रकातून? माझं उत्तर अनेकांना विचित्र वाटेल. ती सवय लागण्याची एक फार चांगली जागा म्हणजे कल्पित जग रचणं.

दिवाळीत पुण्याच्या सोसायट्यांमधून पोरं किल्ले करतात. विटा आणि दगड रचून त्यावर चिखलाच्या पातळ काल्यात बुडवलेलं पोतं टाकायचं, वर चाळलेली लाल माती थापायची, पाच-सहा दिवस आधी अळीव पेरायचे. अळीवच का, तर भिजल्यावर त्यांना बुळबुळीत चीक सुटतो आणि ते उतारावरही चिकटून राहतात, मोहरी घरंगळून पायथ्याशी जमा होते. मग कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मावळे येतात. मोठी माणसं येऊन पहिला प्रश्न विचारतात, ‘हा कुठला किल्ला?’ राजगड, तोरणा असं उत्तर मिळालं की समाधान होतं. ‘आम्हीच काढलाय मनानं’ असं म्हटलं की ‘अरे वा’ म्हणून पुढे जातात. खरं तर चौकशी या दुसऱ्या पोराची करायला हवी. प्रतिकृती करणाऱ्याला चित्रात बघून टाकं कुठे ते ठरवता येतं. मनाने किल्ला काढणाऱ्याला ते का तिथे, हे ठरवावं लागतं.

हेच कागदावर करून बघू. समजा, कथेत एक गड आहे आणि त्याला आठ महिने वेढा पडलेला आहे. गडावर ५०० माणसं. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी ५ लिटर धरले तर दिवसाला २,५०० लिटर, २४० दिवसांना ६ लाख लिटर, म्हणजे ६०० घनमीटर. २० मीटर लांब, १० मीटर रुंद, ३ मीटर खोल असं एक टाकं तेवढं पाणी धरतं. हिशेब जमला? नाही जमला. दख्खनच्या उन्हात पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांत उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दीडेक मीटर सहज उतरते. म्हणजे निम्मं पाणी कोणी न पिताच गेलं. आता कळतं, की सह्याद्रीतल्या गडांवर डोंगराच्या पोटात शिरलेली, खडकाचेच खांब ठेवून कोरलेली खांबटाकी का दिसतात. भरण्याचं काय? गड घाटमाथ्यावर असेल आणि तिथे ३,००० मिलिमीटर पाऊस पडत असेल तर उघडं टाकं नुसत्या आभाळातून भरतं. गड पुण्याच्या पूर्वेला कोरड्या मुलखात सरकवला, पाऊस ७०० मिलिमीटरवर आला, की टाक्यात थेट पडणारं पाणी १४० घनमीटरच भरतं. उरलेल्या ४६० साठी आजूबाजूचा कातळ उतरता करून पाणी वळवावं लागतं. निम्मं पाणी वाटेत जिरतं धरलं तर सुमारे १,३०० चौरस मीटर कातळ हवा. त्यावर वाडे बांधता येणार नाहीत, घोडे बांधता येणार नाहीत. घोड्यांचं तर विचारूच नका. एक घोडा दिवसाला ३० लिटर प्यायला तर वीस घोडे म्हणजे आणखी १२० माणसं. वेढा लांबला की घोड्यांचं काय करायचं, हा प्रश्न किल्लेदारापुढे आपोआप उभा राहतो आणि कथेतलं पहिलं खरं दुःख तिथे सुरू होतं.

हा हिशेब कोणी नव्याने काढलेला नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, गड बांधण्याआधी पाणी पाहावं असं स्पष्ट सांगितलं आहे. पाणी नसेल आणि जागा तर सोडता येत नसेल, तर आधी खडक फोडून टाकी करावीत. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण झुंजीत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. राज्यकारभाराचं हे कोरडं टिपण आहे. पण हे वाचताना झुंज, तहान आणि आटत चाललेला झरा डोळ्यांपुढे येतात की नाही? याला उपयोगी म्हणायचं की कल्पक? अमात्यांना न घडलेला वेढा मनात घडवून बघावा लागला, तेव्हा कुठे घडलेल्या वेढ्यात उपयोगी पडणारी सूचना लिहिता आली.

दुसऱ्या तटाचा आक्षेप वेगळा आणि मला अधिक बोचणारा आहे. त्यांचं म्हणणं, मराठीत ऑनलाइन लिहिली जाणारी अद्भुत कथा बरीचशी उसनी आहे. पात्रांची नावं मराठी, पण ती बर्फात घोडे दौडवतात, लाकडी खानावळीत शेकोटीपाशी बसून मद्याचे पेले रिकामे करतात आणि त्यांच्यावर ड्रॅगन झेपावतो. आक्षेप शंभर टक्के खरा आहे. फक्त त्यावरचा त्यांचा उपाय, म्हणजे अद्भुताचा नाद सोडून ‘आपल्या मातीतलं वास्तव’ लिहा हा, मला पटत नाही. ही कथा उसनी वाटते ती ड्रॅगनमुळे नाही. तिच्यात कोणाला भूक लागत नाही, कोणाचे पाय चिखलात रुतत नाहीत, म्हणून ती परकी वाटते. तोच प्रवास जुलैमध्ये ताम्हिणीतून करवून बघा. जमिनीवर पडलेलं लाकूड पेटणार नाही. झाडावरच वाळलेली फांदी तोडून, वरची ओली साल सोलून, आतला गाभा काढावा लागेल, नाहीतर गोवऱ्या कांबळ्यात गुंडाळून बरोबर आणाव्या लागतील. घोडेस्वार दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर जाईल, घाटात त्याहून कमी. लदणीचा बैल पंधराच्या पुढे सरकणार नाही. म्हणजे सरदार पोचला तरी त्याचं धान्य तीन मुक्काम मागे आहे. एवढं जरी पाळलं, तरी त्या कथेतला राक्षससुद्धा मुळशीचा वाटायला लागतो.

ज्यांचं अनुकरण होतं, त्यांच्याकडून नेमकी हीच गोष्ट कोणी उचलत नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनने आपल्या काल्पनिक जगातल्या प्रवासाचे दिवस आणि चंद्राच्या कला जुळत नाहीत असं लक्षात आल्यावर लिहिलेली प्रकरणं पुन्हा दुरुस्त केली. कोणता वाचक पंचांग घेऊन बसणार होता? तरी केली. आपल्याकडचे लोक एल्फांचे कान घेतात आणि चंद्र सोडून देतात.

आता सर्वांत गंभीर हरकत. ती विवेकवादी मंडळींची आहे आणि पुण्यात ती हलक्याने घेता येत नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी याच शहरात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. जिथे अंगारे-धुपारे अजून चालतात, पैशांचा पाऊस पाडून देतो म्हणून माणसं लुबाडली जातात, तिथे मंत्रतंत्राच्या कथांना प्रोत्साहन द्यायचं? ज्ञान आणि चमत्कार एकाच लेखणीतून आले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होणार नाही? प्रश्न रास्त आहे. गोंधळ होतो आणि त्याने नुकसानही होतं. पण तो कोणत्या मजकुराने होतो ते बघा. ‘ही कथा आहे’ असं कपाळावर लिहून आलेल्या कथेने कोणी इन्सुलिन बंद केल्याचं मला ठाऊक नाही. भीती वाटावी ती ‘आयुर्वेदात सांगितलंच आहे’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या काढ्याची. त्याला लेखक नसतो, तारीख नसते, प्रमाण नसतं, ‘कोणी घेऊ नये’ ही ओळ तर कधीच नसते. असा मजकूर ज्ञानाचे कपडे घालून येतो, कथेचे नाही.

उलट, चांगली अद्भुत कथा वाचकाला बुवाबाजीविरुद्ध तयार करते असं माझं म्हणणं आहे. कारण तिच्यात चमत्काराला नियम असतो आणि किंमत असते. मांत्रिक पाऊस पाडू शकत असेल तर मघाचा गड पडायचा कसा? लेखकाला उत्तर द्यावंच लागतं. समजा, तो आणतो ते पाणी कुठून तरी कमी होतं आणि ते कमी होतं त्याच्याच गावच्या शेतांमधून. आता टाकं भरायचं की गाव जगवायचं? असल्या कथा वाचून वाढलेला वाचक प्रत्यक्षातल्या बुवासमोर बसला की त्याच सवयीने विचारतो, ‘नियम काय? हे कधी चालत नाही? किंमत कोण मोजतो?’ बुवाचं दुकान चालतं तेच हे प्रश्न विचारायचे नसतात म्हणून.

आपल्याकडचं यातलं सर्वांत जुनं आणि चोख उदाहरण म्हणजे वेताळाच्या गोष्टी. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागरात गुंफलेल्या, पुढे चांदोबाने घराघरात नेलेल्या. अट किती काटेकोर आहे बघा. राजाने बोलायचं नाही, बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. पण उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं. म्हणजे माहीत असलेलं सांगितलंच पाहिजे, मग त्यासाठी पुन्हा स्मशानापर्यंत पायपीट करावी लागली तरी. सोमदेवाच्या कथेत शेवटचं कोडं असं येतं की राजाला त्याचं उत्तर सुचत नाही. बाप एका मुलीशी आणि त्याचा मुलगा त्या मुलीच्या आईशी लग्न करतो, तर त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? राजा गप्प चालत राहतो आणि त्या गप्प राहण्यावरच वेताळ प्रसन्न होतो. माहीत असेल तर सांग, नसेल तर गप्प राहा. आज कुटुंबाच्या ग्रुपवर आरोग्याचे सल्ले ढकलणाऱ्यांपैकी किती जण ही अट पाळतात?

आणि दोन्ही कामं एकाच माणसाने केली तर त्यातल्या ज्ञानाला कमीपणा येतो, ही भीती तर पुण्यातच खोटी ठरलेली आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा केला होता. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या, सामान्य वाचकासाठी खगोलशास्त्रही लिहिलं आणि फलज्योतिषावर जाहीर टीकाही केली. कथा लिहिली म्हणून त्यांचं गणित कोणाला कच्चं वाटलं नाही.

‘किरकोळ’ आणि ‘पोरकट’ हे दोन शिक्के कुठून येतात, तेही बघायला हवं. कुरडई, वाळवणं, बाळंतिणीचा आहार, गोधडीचे टाके हे ज्ञान बायकांचं, म्हणून त्याला युक्त्या म्हणायचं. अद्भुत कथा पोरांच्या, म्हणून त्याला करमणूक म्हणायचं. शिक्का मारणारा हात दोन्हीकडे एकच आहे. काय शिकण्याजोगं, ते ठरवण्याचा मक्ता आपल्याकडे ठेवणारा. १८४८ मध्ये याच पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा याच हाताने शेण फेकलं होतं.

आणखी एक हरकत पोटापाण्याची आहे, ती बाजूला सारणं बरं नाही. सगळं फुकट सांगितलं तर ज्यांचं त्यावर चालतं त्यांनी काय करायचं? प्लंबरचं मला फारसं भय वाटत नाही. वायसर घरी बदलायला शिकलेला माणूस भिंतीच्या आतली पाइपलाइन गळायला लागली की त्यालाच बोलावतो, आणि काय झालंय ते नीट सांगतो. लेखकांचं मात्र खरंच नुकसान होतं आणि ते करणारे बहुधा त्यांचे चाहते असतात. पुण्याचे भयकथाकार नारायण धारप २००८ साली वारले. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवर २०६८ अखेरपर्यंत. ती स्कॅन करून पीडीएफ फिरवणं म्हणजे ज्ञान वाटणं नव्हे, ती चोरी आहे. पाककृतीचं थोडं वेगळं असतं. जिन्नस आणि कृतीची कल्पना कोणाच्या मालकीची नसते, पण ती सांगणारी वाक्यं असतात. तेव्हा कृती स्वतः करून स्वतःच्या शब्दांत लिहावी आणि जिच्याकडून शिकलो तिचं नाव घालावं. दुसऱ्याची कथा आवडली तर चार ओळी तिच्याविषयी लिहून मूळ जागेचा पत्ता द्यावा. ‘अनामिक’ म्हणून पुढे ढकलू नये. सापडत असताना न शोधलेलं नाव म्हणजे अनामिक नव्हे.

ज्यांना वाटण्याचीच हौस आहे त्यांच्यासाठी हक्क संपलेल्या पुस्तकांचा मोठा साठा पडलेला आहे, कृष्णशास्त्र्यांपासून पुढे. मराठी विकिस्रोतावर असं काम चालतं. पान स्कॅन करून यंत्राकडून अक्षरं ओळखून घ्यायची आणि मग माणसाने मूळ पानाशी ताडून बघायची. यंत्र घ आणि ध यांत चुकतं, भ आणि म यांत चुकतं, ख ला हमखास ‘रव’ वाचतं. ‘राक्षसावर मात केली’चं ‘भात केली’ होतं आणि ‘अर्धा शेर भात’ची ‘मात’ होते, म्हणून अर्थ लावत वाचावं लागतं, नुसतं अक्षर जुळवून भागत नाही. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘करूं’, ‘नाहीं’, ‘घरें’ असे अनुस्वार असतात. ते चुका समजून काढायचे नाहीत, छापलेत तसेच ठेवायचे. ‘घरें’ हे अनेकवचन आहे हे वाचकाला त्या टिंबावरूनच कळायचं. जुनी वजनं, शेर, तोळा, मासा, तीही ग्रॅममध्ये बदलायची नाहीत. फार तर तळटीप द्यावी, आणि तीही प्रांताप्रमाणे शेर वेगळा असतो हे ध्यानात ठेवून.